वर संगीत येणार आहे

घर बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "अर्धा मिनिट गप्प उभी राहतेस काय?"

राजाजीनगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर एक मोठी रिकामी खोली होती. तिथे मी, माझ्याबरोबरचा एजंट आणि ते, असे तिघं उभे. नागपूरहून बंगळूरला येऊन मला महिना झाला होता आणि मी अकरा घरं बघितली होती. मांसाहार करता का, मित्र येतात का, लग्न कधी, हे सगळं विचारून झालं होतं. गप्प उभं राहायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि डोळे मिटले. विसाव्या सेकंदाला एजंट शिंकला. "परत," ते म्हणाले, आणि आम्ही परत पहिल्यापासून उभे राहिलो.

"हा या खोलीचा आवाज," अर्धा मिनिट झाल्यावर ते म्हणाले. "कुणी बोलत नसतं तेव्हाचा. प्रत्येक खोलीचा वेगळा असतो. आवडला तर राहा, नसला तर दुसरीकडं बघ."

खाली उतरताना एजंट माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आदमी अच्छा है. थोडा ऐसाइच है."

मी राहिले. आवाज आवडला म्हणून नव्हे, पाय दुखले होते म्हणून.

मी त्यांना काका म्हणायचे. काका कागदोपत्री ब्रिटिश होते. जन्म बेळगावचा, पण तरुणपणी लंडनला गेले ते तिथल्या टीव्हीचे आणि अधूनमधून सिनेमाचे संगीतकार झाले. गाणी नाही करायचे. पडद्यावर माणसं बोलत असतात, चालत असतात, कुणी खिडकीशी उभं असतं, तेव्हा मागून जे वाजतं ते त्यांचं. बागकामाचे कार्यक्रम, प्राण्यांचे माहितीपट, पोलिसांच्या मालिका, कोड्यांच्या कार्यक्रमातले शेवटचे दहा सेकंद. हे असं त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं केलं. इंग्रजी घराघरांत त्यांचे सूर पोचले आणि त्यांचं नाव कुणाच्याही तोंडी बसलं नाही. नाव यायच्या आत लोक चहा करायला उठतात, असं ते म्हणायचे.

"निरोपाचं काम माझ्याकडं यायचं," एकदा त्यांनी सांगितलं. "स्टेशन, दवाखान्याचं दार, विमानतळ. लंडनमध्ये कुणी कुणाला सोडून जाणार असलं की मला बोलवायचे. माझ्यासारखं सोडून जाणं कुणाला जमत नाही म्हणायचे." हे सांगताना ते हसले होते. मीही हसले. तेव्हा मला काय माहीत!

माझं कामही त्यांना पहिल्या आठवड्यातच समजलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये माणूस बोलत असतो आणि मागे कुकर शिट्टी देतो, कुत्रं भुंकतं. ते सगळं गाळून नुसता माणसाचा आवाज पुढे पाठवायचा, असलं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. काकांनी ते दोनदा समजावून घेतलं.

"म्हणजे मी जन्मभर जे भरालो होतो, ते तू काढून टाकालीस."

"तसंच काहीतरी."

"बरं झालं, मी रिटायर झाल्यावर जन्मलीस."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, पण हिशेब करून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

स्टॉपवॉच हा त्यांचा अवयव होता. चहाला उकळी यायला किती वेळ लागतो, कोपऱ्यावरचा सिग्नल किती वेळ लाल असतो, स्वयंपाकाच्या अक्का एका दमात किती वेळ बोलतात, सगळं मोजायचे. माझ्या खोलीतून खाली यायला बाहेरच्या बाजूने एकवीस पायऱ्या होत्या. एकदा मी खाली आले तर ते व्हरांड्यातल्या खुर्चीतून मागे न बघताच म्हणाले, "रोज बारा सेकंद लागतात. आज पंधरा. काय झालं?"

झालं होतं खरं. नागपूरला माझं एक ठरता ठरता मोडलं होतं आणि ते मला फोनवर, तेही आईकडून कळलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि सांगायला लागले. म्हणजे तो तसा वाईट नव्हता, मीच इकडे आले, नशिबातच नव्हतं, वगैरे. काकांनी हात वर केला. "इथं संगीत नको," ते म्हणाले. "नुसतं सांग. वाईट वाटालंय काय?" मी म्हटलं, हो. "मग झालं की." एवढं बोलून त्यांनी अर्धा कप चहा माझ्याकडे सरकवला.

'इथं संगीत नको' हे त्यांचं पालुपद होतं. संगीतकाराची अक्कल किती वाजवलं यात नसते, कुठं नाही वाजवलं यात असते, असं त्यांचं मत. शेजारच्या लग्नाचा बँड, गणपतीसमोरचा स्पीकर, अक्कांनी सुनेबद्दल सांगताना लावलेला सूर, सगळ्यांना एकच शेरा. घराला दारावरची घंटा नव्हती. दोन टाळ्या वाजवायच्या, मध्ये एक सेकंद सोडायचा. सेकंद चुकला तर दार उघडायचं नाही. कुरियरवाले हैराण व्हायचे, मग पाकीट फाटकावरून आत फेकून जायचे.

त्यांच्याकडे कुणी येत नसे. ही गोष्ट मला कळायला वेळ लागला, कारण ते कधी एकटे दिसायचे नाहीत, सतत कशात तरी असायचे. एका रविवारी आम्ही भाजी आणायला गेलो. वाटेत टीव्हीच्या दुकानात काचेमागे चार टीव्हींवर एकाच वेळी हरणांचा एक कळप नदी ओलांडत होता. काका थबकले. मग सरळ आत गेले आणि पडद्याकडे बोट दाखवून दुकानदाराला इंग्रजीत म्हणाले, हे माझं आहे. दुकानदार खुशीत आला. "बन्नी सर, बन्नी, आफर इदे," या, ऑफर आहे, म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. काका बसले. हरणं पलीकडे पोचेपर्यंत बसून राहिले, घड्याळ दाबलं, "दोन मिनिटं चार सेकंद, चार सेकंद जास्तच झालेत," म्हणाले आणि उठले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्याला नीट सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "कुणाला? त्याला टीव्ही विकायचाय." मला त्या दिवशी त्यांची फार कणव आली, आणि ती दिसू नये म्हणून मी कोथिंबिरीवरून भाजीवालीशी उगाच भांडले.

काम करायची त्यांची एक रीत होती, ती इथेच सांगायला हवी. संगीत करताना ते पडद्यावरचं बोलणं बंद करून ठेवायचे. नुसतं चित्र बघायचे, शंभर शंभर वेळा. "बोलणं ऐकत संगीत केलं की ते बोलण्याची हांजी-हांजी करतंय," असं म्हणायचे. "माणूस रडतो म्हणून व्हायोलिन रडतंय. मला ते नको. मी ओठ बघतो, हात बघतो. शब्दांचं काय करायचं ते शेवटी मिसळणारा बघेल." तिकडे मिसळणारा वेगळा असतो. बोलणं, इतर आवाज आणि संगीत एकत्र करून कुठलं किती मोठं ठेवायचं ते तो ठरवतो. काका एकदा सूर देऊन मोकळे झाले की पुढचं काम हातात घ्यायचे.

काकूंचा विषय मी काढला नव्हता. त्यांचा फोटो हॉलमध्ये होता आणि घर त्यांच्या माहेरचं होतं, एवढं मला अक्कांकडून कळलं होतं. पुढचं काकांनीच सांगितलं, तेही काम सांगावं तसं. काकूंची आई इथे आजारी पडली म्हणून काकू लंडनहून परत आल्या. आई गेली, काकू राहिल्या. काका दर हिवाळ्यात पंधरा दिवस यायचे. अशी बारा वर्षं गेली. मग काकू एका सकाळी अचानक गेल्या आणि काका चौथ्या दिवशी पोचले. त्यानंतर ते लंडनला गेले ते सामान बांधायला. तेव्हापासून इथेच.

"फोटो हायत," ते म्हणाले. "आवाज नाही. म्हणजे हाय, पण गाडलाय."

एका हिवाळ्यात त्यांनी नवा कॅमेरा आणला होता. स्वयंपाकघरात काकू शेंगदाण्याची चटणी करत होत्या, त्याचं चार मिनिटांचं शूटिंग केलं. लंडनला जाऊन त्या चार मिनिटांना संगीत दिलं, खरे वादक बोलावून, स्टुडिओत, एखाद्या सिनेमाला द्यावं तसं. बायकोला भेट. मिसळणारा इंग्रज. त्याला मराठी येत नव्हतं. बाई चटणीचं काहीतरी सांगतेय, एवढं काकांनी त्याला सांगितलं, म्हणून त्याने संगीत वर ठेवलं आणि बोलणं खाली दाबलं. तयार कॅसेट काकूंना पाठवली. मूळ टेपवर पुढे दुसरंच काहीतरी घेतलं गेलं. काकू गेल्यावर ती कॅसेट त्यांच्या साड्यांखाली सापडली.

"मला तिचा आवाज पाहिजे," काका म्हणाले. "माझं सगळं काढ. तुला येतंय नव्हे ते?"

येत होतं. यशवंतपूरच्या बाजूला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे जुना प्लेअर होता. त्याने कॅसेटची फाइल करून दिली. काका एवढे उतावीळ झाले की त्या आठवड्यात ते दोनदा वर आले, आणि दोन्ही वेळा जिना किती सेकंदांत चढलो ते सांगायला विसरले. ती गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नाही, एकदा ऐकायचं आणि मग माझं काही म्हणणं नाही, असं म्हणाले.

शनिवारी दुपारी मी ते करून बघितलं. पहिल्यांदा व्हायोलिनची सावली राहिली, मग तीही गेली. आणि एका बाईचा जरा घोगरा, हसरा आवाज माझ्या कानात आला.

"शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, घाई करायची नाही."

"तू माझ्याकडं बघू नको," काकांचा आवाज, तरुण. "बोलत राहा. काहीही बोल. वर संगीत येणार आहे."

मग लांब कुठेतरी फोन वाजला. "लंडनचा असणार. कॅमेरा स्टँडवर हाय, तू चालू ठेव," असं काका म्हणाले आणि पावलं दूर गेली. थोडा वेळ नुसता कढईचा आवाज. आणि मग काकू एकदम जवळून बोलल्या.

"गेले. सरी, बरं झालं. अहो, तुम्ही म्हणता ना, एकेक चित्र शंभर वेळा बघता म्हणून. मग हेही बघालच. म्हणून इथं सांगते, तोंडावर जमत नाही मला. तुम्ही या आता परत. कायमचे. स्वल्प कमी संगीत मिळालं तर चालतं त्या लोकांना. मला करमत नाही हो. आणि यायचं नसलं तर काही बोलू नका. फोनवर तर नकोच. तसंच राहू द्या, मी समजून घेईन." थोडं थांबून, "हं, आता जिरं."

मी हेडफोन काढून ठेवले. त्या बाईने निरोप ठेवला होता. आणि उत्तर म्हणून त्यांना काय आलं होतं, तर त्याच बोलण्यावर चढवलेलं संगीत.

मला ते मधलं बोलणं कापता आलं असतं. खरं सांगते, मी कापलंही. चटणीपुरती एक वेगळी फाइल केली. शेंगदाणे, जिरं, मीठ, सगळं गोड. माझं कामच ते आहे, नको ते काढून टाकणं. म्हातारा माणूस, राहिलेले दिवस सुखाने का जाऊ नयेत, असं मी स्वतःला समजावलं आणि लॅपटॉप घेऊन खाली निघाले.

काका व्हरांड्यात बसले होते. "वीस सेकंद," ते म्हणाले. "मध्ये दोनदा थांबलीस. काय निघालं?"

"चांगलं निघालंय, काका. आवाज अगदी स्वच्छ आहे. म्हणजे जुनं आहे, त्यामुळे काही ठिकाणी..."

"इथं संगीत नको. लाव."

मी पूर्ण फाइल लावली.

पहिल्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझी लाज वाटली. फोन वाजला तेव्हा ते मान डोलावत होते. मग काकू बोलल्या. काकांचा हात सवयीने घड्याळावर गेला आणि त्यांनी ते दाबलं. "हं, आता जिरं" आलं तेव्हा पुन्हा दाबलं. आकड्याकडे ते बघत राहिले.

"इथं मी चेलो घातलेत," ते म्हणाले. "ती कॅमेऱ्यापाशी येते, ओठ हलतात, मग परत जाते. मला वाटलं, मिठाचं प्रमाण सांगाली असंल. चेलो छान बसलेत तिथं."

मी लॅपटॉप मिटला.

"तिला वाटलं, मी ऐकलंय. ऐकून पाठवलंय." मग म्हणाले, "नंतर तिनं कधी विचारलं नाही गे. ती जाईपर्यंत, नऊ वर्षं. मी लोकांना सांगायचो, माझी बायको लई समजूतदार."

ते उठून आत गेले. पुढचे चार दिवस व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. मी मुद्दाम पाय वाजवत जिना उतरायचे, कुणी काही म्हणायचं नाही. ऑफिसला जाताना मॅजेस्टिकला गाडी बदलून के. आर. पुरमच्या पुढे जाईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालायचे. अक्का सांगायच्या, "ऊटा बेडा अंतारे," जेवण नको म्हणतात. आपण एका माणसाचं उरलंसुरलं घर उठवलं, असं मला वाटत होतं. आजही कधीकधी वाटतं.

रविवारी सकाळी जिन्याखाली दोन टाळ्या वाजल्या. मध्ये बरोबर एक सेकंद.

"तिचा आवाज हवेत लटकालाय," काका खालून म्हणाले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "तू माझं काढलंस, त्याच्याबरोबर खोलीपण गेली. बाई बोलालीय आणि कुठंच नाही. तिला तिचं स्वयंपाकघर पाहिजे. खाली ये."

म्हणणं बरोबर होतं. आमचं सॉफ्टवेअर माणूस उचलतं आणि खोली टाकून देतं. सिनेमावाले म्हणूनच प्रत्येक जागेचा अर्ध्या मिनिटाचा मुका आवाज घेऊन ठेवतात, मागाहून बोलण्याखाली अंथरायला. स्वयंपाकघर तेच होतं, ओटा तोच, खिडकीही तीच. काकांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, नळाखाली फडकं ठेवलं. अक्कांना मागच्या दारी बसवलं आणि बांगड्या धरून ठेवायला सांगितल्या. मग गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्यांच्या हातात दिलं, कारण ते टिकटिकतं. काकांच्या गळ्यात ते नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मान एवढीशी दिसत होती.

मी माइक ओट्यावर, कढई असायची तिथे ठेवला. "अर्धा मिनिट," काका म्हणाले. "हलायचं नाही."

मी लॅपटॉपवरचे आकडे बघत उभी राहिले. दहा. पंधरा. बाहेर कुठेतरी कावळा होता, पण तो लांब होता, चालण्यासारखा. विसाच्या पुढे काका बोलले. मोठ्याने नाही, जेवायला बसताना आतल्या माणसाला सांगतात तसे.

"आलोय गं मी. राहिलोय."

मी मान वर केली नाही. तीस झाले, मी थांबवलं.

"तो खराब झाला," काका म्हणाले. "पुसून टाक. परत घेऊ."

परत घेतला. दुसरा स्वच्छ आला, त्यात कुणी नव्हतं. तो मी काकूंच्या आवाजाखाली अंथरला आणि खरंच, बाई स्वयंपाकघरात आली. काकांनी तो एकदा ऐकला, मान हलवली, म्हणाले, "आता बरोबर." जेवलेही त्या दिवशी. फ्रिज परत चालू करायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी "हालु केट्टु होगिदे" म्हणत अक्कांनी नासलेल्या दुधाचं पातेलं आमच्या दोघांच्याही नाकाखाली धरलं.

त्यानंतर दीड वर्षाने काका गेले. मी ऑफिसात होते, अक्कांचा फोन आला. त्यांचे लांबचे कुणी भाचे आले, घराला कुलूप लागलं. मी आता के. आर. पुरमला राहते, अकराव्या मजल्यावर. इथे लिफ्ट आहे. खाली यायला मला किती सेकंद लागतात ते कुणी मोजत नाही.

पहिला टेक पुसला का, असं काकांनी त्याच संध्याकाळी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. अधूनमधून रविवारी मी पंखा बंद करते, फोन बाजूला ठेवते आणि तो लावते. वीस-बावीस सेकंद नुसतं स्वयंपाकघर असतं, मग काका बोलतात, मग पुन्हा स्वयंपाकघर. ते संपेपर्यंत मी हलत नाही. हलले तर परत पहिल्यापासून लावते.